खुर्चीत बसण्याआधीचे दहा महिने

पत्र: "मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत (पाचवी ते दहावी, १८ तुकड्या, पट ८२०) गणित-विज्ञान शिकवते. नोकरीला बावीस वर्षं झाली, गेली तीन वर्षं पर्यवेक्षिका आहे. आमचे मुख्याध्यापक येत्या ३१ मे रोजी निवृत्त होतील. ज्येष्ठतेनुसार नंबर माझा आहे आणि संस्थेच्या कार्यवाहांनी तसं तोंडी सांगितलंही आहे. शिकवण्याची भीती नाही, पण ऑफिसमधलं मला काहीच येत नाही. पगार बिल, संचमान्यता, ऑडिट सगळं भाऊसाहेब (आमचे लिपिक) बघतात. सर म्हणतात, खुर्चीत बसलं की आपोआप येतं. दुसरी धास्ती स्टाफची. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाते त्यांच्याच रजेवर उद्या सही करायची. दहा महिने हातात आहेत, कुठून सुरुवात करू? आणि स्टाफरूममध्ये डबा खायला बसत राहावं की नाही, तेही सांगा." – एक पर्यवेक्षिका, सातारा जिल्हा

ताई,

तुमच्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खुर्चीत बसल्यावर माणूस शिकतो ते अंगावर येणारं काम. पगार बिलं मंजूर करणाऱ्या वेतन पथकाचा फोन येतो, माहिती मागवणारं पत्र येतं, पालक दारात उभे राहतात, आणि सहा महिन्यांत त्याची सवय होते. पण सातवी 'ब'मध्ये अपूर्णांक कुणालाच समजले नाहीत हे सांगायला फोन येत नाही. त्याला जावक क्रमांक नसतो, मुदत नसते. म्हणून चांगले शिक्षक मुख्याध्यापक झाले की दोन वर्षांत वर्गांपासून तुटतात, आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा या दहा महिन्यांचं उद्दिष्ट असं ठेवा: कागदपत्रं इतकी हातात बसवायची की पुढच्या जूनपासून त्यांना रोज दीड-दोन तासांपेक्षा जास्त द्यावे लागू नयेत. उरलेला दिवस वर्गांचा.

सिंगापूरमध्ये मुख्याध्यापक होऊ घातलेल्या उपमुख्याध्यापकांना नेहमीच्या कामातून मोकळं करून काही महिने पूर्णवेळ प्रशिक्षण देतात. आपल्याकडे खासगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीत पदवी, बी.एड., अनुभव, ज्येष्ठता आणि समाधानकारक सेवा एवढंच पाहिलं जातं. बारा आणि चोवीस वर्षांच्या वेतनश्रेणीसाठीचं प्रशिक्षण शिक्षक म्हणून असतं, खुर्चीसाठी नसतं. त्यामुळे प्रशिक्षण तुम्हालाच उभं करायचं आहे, आणि त्यासाठी सगळ्यांत चांगली जागा तुमच्याच शाळेचं ऑफिस आहे.

पहिलं काम सरांशी बोलण्याचं. "मला शिकवा" एवढ्यावर थांबू नका, कारण त्यावर "हो, हो, बघू" असंच उत्तर मिळतं. ठरावीक गोष्ट मागा: आठवड्यातून दोन मोकळे तास ऑफिसमध्ये, शनिवारी शाळा सुटल्यावर भाऊसाहेबांबरोबर एक तास, आणि महिन्यातून एकदा सरांसोबत शिक्षणाधिकारी कार्यालय किंवा वेतन पथकाची फेरी. भाऊसाहेबांना ही चौकशी वाटू नये याची काळजी घ्या. त्यांची वीस वर्षांची जाण शाळेची ठेव आहे. तुम्ही शिकायला बसलात तर ते मन लावून दाखवतील, चुका शोधायला बसलात तर फाइल सापडणार नाही.

सुरुवात पगार बिलापासून करा, कारण ते दर महिन्याला येतं आणि त्यातून अर्धं ऑफिस कळतं. शालार्थवर (पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) बिल तयार झालं की सगळे आकडे तपासत बसायचं नसतं, गेल्या महिन्यापेक्षा काय बदललं तेवढंच पाहायचं असतं. कोणाला वेतनवाढ लागली, कोणाची बिनपगारी रजा झाली, पतसंस्थेचा कोणाचा हप्ता सुरू झाला किंवा संपला, कोण निवृत्त झालं. बिल उघडण्याआधी ही फरकाची यादी हाताने लिहा, मग बिलाशी ताडून पाहा. यादीत नसलेला फरक बिलात दिसला की विचारा. तीन महिने असं केलंत की चौथ्या महिन्यात बिल पाहायला अर्धा तास पुरतो.

त्याच्याच जोडीला सेवापुस्तकं. शिक्षक आणि शिक्षकेतर मिळून तुमच्याकडे तीसएक पुस्तकं असतील. सरांची परवानगी घेऊन आठवड्याला दोन वाचा, म्हणजे नाताळपर्यंत सगळी डोळ्यांखालून जातील. प्रत्येकात एवढं पाहा: नियुक्तीचा आदेश आणि वैयक्तिक मान्यतेचा क्रमांक व तारीख, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत सारखी आहे का, सहाव्या व सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती चिकटवलेली आहे का आणि त्यावर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का, वार्षिक वेतनवाढीच्या नोंदींत एखादं वर्ष सुटलंय का, रजेचं खातं, आणि नामनिर्देशन. लग्नाआधी आईचं नाव दिलेलं असतं आणि पंधरा वर्षं ते तसंच राहतं. वेतननिश्चितीतली चूक निवृत्तीच्या वेळी वसुली म्हणून बाहेर येते. तोवर मूळ सही करणारे मुख्याध्यापक घरी गेलेले असतात आणि निवृत्त होणारा शिक्षक तुमच्यासमोर रडत बसलेला असतो. वाचलेलं मात्र स्टाफरूममध्ये जाता कामा नये. त्या पुस्तकांत माणसांची खासगी माहिती असते, आणि एकदा गेलेला विश्वास तुमच्या सगळ्या कारकिर्दीत परत येत नाही.

सरांच्या स्वतःच्या पेन्शनची फाइल याच वर्षी जायची आहे. निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी प्रस्ताव जायला हवा. ती फाइल भाऊसाहेबांसोबत तुम्ही तयार करा. एका प्रस्तावातून जितकं शिकाल तितकं दहा व्याख्यानांतून मिळणार नाही, आणि सरांचंही काम वेळेत होईल.

आता संचमान्यता, म्हणजे पटानुसार शाळेला मिळणारी पदांची मंजुरी. पुढच्या वर्षी तुमची झोप उडवणारी हीच गोष्ट असेल. ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेची पदं ठरतात, आणि पट मोजला जातो तो आधारशी जुळलेल्या मुलांचा. नाव, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींपैकी एक जरी आधारमध्ये वेगळी असेल तर मूल रोज वर्गात बसलेलं असूनही मोजणीत येत नाही. पट नेमका काठावर असेल तर अशा सात-आठ मुलांपायी एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. हे काम सप्टेंबरमध्ये सुरू करणाऱ्या शाळा दरवर्षी अडकतात, कारण त्या दिवसांत तालुक्यातली सगळी आधार केंद्रं भरलेली असतात. प्रवेश झाले की लगेच, जून-जुलैमध्ये, वर्गशिक्षकांनी हे तीन रकाने ताडायचे आणि न जुळणाऱ्यांची तुकडीवार यादी १५ जुलैला तुमच्या हातात यायला हवी. या वर्षी तो महिना निघून गेला आहे. म्हणून ऑगस्टमध्येच ही यादी स्वतः करायला घ्या, पुढच्या वर्षीचा सराव होईल.

इथे एक चूक फार होते. आधार जुळवण्याच्या घाईत कोणीतरी जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली, नोंदच बदलून टाकतं. असं कधीही होऊ देऊ नका. माध्यमिक शाळा संहितेनुसार नाव, जात, जन्मतारीख ही नोंद शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. जनरल रजिस्टर हा शाळेतला सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. तीस-चाळीस वर्षांनी कोणाचा तरी नातू जात पडताळणीसाठी त्याच पानाची प्रत मागायला येतो, आणि तिथे खाडाखोड असली तर त्याचा प्रवेश किंवा नोकरी जाऊ शकते. चूक आधारमध्ये असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, रजिस्टरमध्ये असेल तर रीतसर प्रस्ताव पाठवा. आणि शाळेतली सगळ्यांत जुनी रजिस्टरं कोणत्या कपाटात आहेत, वाळवी लागली आहे का, स्कॅन झाली आहेत का, हे या दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पाहा. शिपाईमामांना सोबत घ्या, कारण कोणत्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

पैशाबाबत थोडक्यात पण ठाम सांगतो. कॅशबुक रोजच्या रोज लिहून सही. फी, देणगी, सहलीची वर्गणी यांपैकी कोणताही पैसा पावतीशिवाय घ्यायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचा. वर्गशिक्षकाच्या टेबलाच्या खणात आठवडाभर पडलेली सहलीची रक्कम हे बहुतेक लेखाआक्षेपांचं मूळ असतं. तिथे कोणी चोर नसतो, ढिलाई असते. कोऱ्या चेकवर सही करायची नाही, 'साहेब उद्या बाहेरगावी आहेत' म्हणून तर मुळीच नाही. गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या आणि अजून मिटलेले नसतील त्या आक्षेपांची यादी करा. ते तुमच्या काळातले नसले तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार आहे.

पोषण आहाराचा हिशेबही एकदा स्वतः करून पाहा. पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ. तुमच्या पटाचा अंदाज घेतला तर पाचवीत १३७ आणि सहावी ते आठवीत ४१० मुलं असावीत. एखाद्या दिवशी प्रत्यक्ष जेवणारी १२० आणि ३६० असतील तर लागतो १२ अधिक ५४, म्हणजे ६६ किलो. पटावर लिहिला तर तोच आकडा ७५ किलो २०० ग्रॅम होतो. रोजचा हा नऊ किलोंचा फरक महिन्याच्या वीस दिवसांत १८४ किलोंवर जातो, आणि तपासणीत साठा नोंदवहीशी जुळत नाही. सवय अशी लावा की परिपाठानंतर हजेरी घेऊन त्या दिवसाची संख्या स्वयंपाकघरात जाईल, पट जाणार नाही. चव नोंदवहीवर चव घेतल्यानंतरच सही करायची.

ऑफिसवर इतकं लिहिलं, कारण तुम्ही ते विचारलंत. पण तुमच्या पत्रात एक वाक्य नाही आणि त्याची आम्हाला जास्त काळजी वाटते. तुम्ही पर्यवेक्षिका आहात, म्हणजे तीन वर्षं तुम्ही पाठनिरीक्षण करत आहात. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. तुमची निरीक्षण वही काढा आणि शेवटचे दहा शेरे वाचा. "पाठ चांगला झाला. फलकलेखन सुबक. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा." असं असेल तर त्या वहीने कोणाच्याही शिकवण्यात काही बदललेलं नाही, आणि मुख्याध्यापक झाल्यावरही बदलणार नाही.

हे दहा महिने वर्ग पाहायची पद्धत बदलण्यासाठी वापरा. मत लिहायचं नाही, दिसलं ते मोजून लिहायचं. पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षक किती वेळ बोलले आणि मुलांनी स्वतः किती वेळ लिहिलं, सोडवलं, बोललं. किती प्रश्न विचारले आणि उत्तरं कोणत्या बाकांवरून आली. "१२ प्रश्न, ९ उत्तरं पहिल्या दोन बाकांवरून, मुलींच्या रांगेतून एकही नाही, उदाहरण सोडवायला दिल्यावर दीड मिनिटात फळ्यावर उत्तर लिहिलं, तेव्हा निम्म्या मुलांनी प्रश्नही उतरवून घेतला नव्हता." हा शेरा वाचून शिक्षकाला राग येत नाही, कारण त्यात दोष दिलेला नाही, पण वाचल्यावर तो पुढच्या तासाला दीड मिनिटाचे चार मिनिटं करतो. तास संपायच्या आधी शेवटच्या बाकावर जाऊन दोन मुलांना हळूच विचारा, "आज काय शिकलात?" त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहा.

बोलणं त्याच दिवशी, दहा मिनिटांचं, बंद दाराआड आणि सुरुवात त्यांच्या तोंडून: तास कसा वाटला? मग तुमच्या वहीतलं एकच निरीक्षण पुढे ठेवा. पाच गोष्टी सांगितल्या की एकही होत नाही. दोन आठवड्यांनी त्याच गोष्टीसाठी पुन्हा वर्गात जा. ही दुसरी फेरी न केल्यानेच निरीक्षणं वाया जातात. शिक्षकाला कळतं की बाई आल्या, लिहून गेल्या, विषय संपला.

हिशेब जमतो का पाहा. तुमच्याकडे सव्वीसेक शिक्षक असतील. आठवड्याला चार तास पाहिलेत तर साडेसहा आठवड्यांत एक फेरी पूर्ण होते. परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वजा जाता वर्षात चार फेऱ्या निघतात, म्हणजे प्रत्येकाकडे पहिली भेट आणि तिची दुसरी फेरी असं दोनदा. मुख्याध्यापक झाल्यावरही आठवड्याला चार हा आकडा सोडू नका. ते तास वेळापत्रकातच लिहून टाका, म्हणजे त्या वेळी आलेल्या पाहुण्यांना भाऊसाहेब सांगू शकतील की बाई वर्गात आहेत, वीस मिनिटं बसा.

आपली शाळा आपण दहावीच्या निकालावरून ओळखतो. दहावी कशी लागणार हे मात्र पाचवीतच बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पुढच्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाचवीत आलेल्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून तिसरीच्या पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या आणि एक हातच्याची वजाबाकी सोडवायला द्या. तीन मिनिटं पुरतात. १३७ मुलांना सुमारे सात तास लागतात. सहा शिक्षकांत वाटून दिले तर प्रत्येकी सव्वा तासाच्या आतलं काम आहे. अक्षरं ओळखणारी, शब्द वाचणारी, वाक्य वाचणारी, परिच्छेद वाचणारी असे चार गट पडतील. किती मुलं पहिल्या दोन गटांत निघतात ते पाहून पुष्कळ शाळांत सन्नाटा पसरतो. त्या मुलांसाठी रोजचा एक तास वेळापत्रकात राखून ठेवा आणि तो तुमच्या सर्वांत चांगल्या शिक्षकाला द्या. नव्या, तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या गळ्यात तो घालू नका. या वर्षी हा प्रयोग एका तुकडीवर करून पाहा. नेतृत्वाचा यापेक्षा चांगला सराव आम्हाला सुचत नाही.

स्वतःकडेही एक वर्ग ठेवा. दहावीचा नको, ऑफिसच्या बोलावण्यांनी त्या मुलांचं नुकसान होईल. आठवीचं गणित ठेवा, पहिल्या तासाला. पहिल्या तासाला फोन कमी असतात.

स्टाफबद्दल. मैत्री तुटेल या भीतीने नवे मुख्याध्यापक दोनपैकी एक करतात: पहिल्याच आठवड्यात उगाच कडक होतात, नाहीतर सगळंच चालवून घेतात. दोन्हींत मूळ अडचण एकच, नियम माणूस पाहून बदलतो. मस्टर, उशीर, रजा आणि बदली तास (गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर घ्यायचे तास) या चार गोष्टींचे नियम जूनच्या पहिल्या सभेत लेखी द्या, आणि पहिला उशीर तुमच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीचा झाला तर लाल शेरा तिच्याच नावापुढे जाऊ द्या. तिला आधीच, मे महिन्यातच, घरी बोलावून सांगून ठेवा की असं होईल. तिला वाईट वाटेल, पण धक्का बसणार नाही. बदली तासांची वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. स्टाफरूममधली निम्मी भांडणं "मलाच का?" यातून उगवतात, आणि कोणाला किती बदली तास लागले हे आकड्यांत दिसलं की ती आपोआप कमी होतात.

गोपनीय अहवाल एप्रिलमध्ये आठवून लिहायचे नसतात. प्रत्येक शिक्षकासाठी वहीचं एक पान ठेवा आणि तारखेसह नोंदी करा, चांगल्या आधी. प्रतिकूल शेरा लिहिलात तर तो लेखी कळवावा लागतो, आणि जे कधी समोर बोलला नाहीत ते अहवालात लिहिणं अन्यायाचं आहे. शिस्तीच्या बाबतीत सगळ्यांत जास्त चुका होतात त्या अशा: तीन वर्षं तोंडी रागावणं, तेही कधी मुलांसमोर, कागदावर एकही मेमो नाही, आणि मग एक दिवस संस्थेकडून थेट बडतर्फी. खासगी शाळा कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७च्या अधिनियमाप्रमाणे शिक्षक शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत दाद मागू शकतो, आणि तिथे पद्धत पाळली नसेल तर खऱ्या चुकीचं प्रकरणही टिकत नाही. मेमो म्हणजे वैर नव्हे. काय घडलं, कधी, कोणता नियम, खुलासा कधीपर्यंत, एवढ्या चार ओळी असतात. खुलासा पटला तर तसं लेखी कळवून प्रकरण बंद करा.

एका बाबतीत मात्र कोणाचाही सल्ला घेत बसू नका. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं, अगदी संशय म्हणून जरी, कानावर आलं तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाविरुद्धची तक्रार दडपली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. आधी आपण चौकशी करू, दोन्ही बाजू समोरासमोर बसवू, शाळेचं नाव जाईल, कार्यवाहांना विचारू, यातलं काहीही करायचं नाही. मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. जे त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, वेळ-तारखेसह लिहा, पालकांना बोलवा, पोलिसांना कळवा, मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा, आणि मग संस्थेला कळवा. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांसाठीची अंतर्गत तक्रार समिती तुमच्या शाळेत खरोखर भेटते का, की फक्त फलकावर नावं आहेत, हे आताच पाहून घ्या. मारण्याबद्दलही तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. "दोन फटक्यांनी काय होतं" म्हणणारे सहकारी प्रत्येक शाळेत असतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा चिडलेल्या क्षणी काय करायचं याचा पर्याय द्या: मुलाला मामांबरोबर ऑफिसमध्ये पाठवा, तास चालू ठेवा, सुट्टीत आपण तिघं बोलू.

संस्थेशी नातं आदराचं ठेवा, पण तोंडी ठेवू नका. तुम्ही शालेय समितीच्या पदसिद्ध सचिव असाल. या वर्षीपासूनच समितीची इतिवृत्तं वाचायला मागा. फोनवर आलेल्या सूचनेला उत्तर एकच: "हो साहेब, समितीपुढे ठेवते, ठराव झाला की लगेच करते." हे नम्रपणे म्हणता येतं. प्रवेशासाठी देणगीची सूचना आली तर मात्र ठरावाचीही वाट पाहू नका. आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी असे पैसे घेतल्यास त्यांच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि उत्तर द्यायला पुढे तुम्हीच असणार.

आता तुमच्या नेमणुकीचंच. कार्यवाहांच्या तोंडी शब्दावर मे महिन्यापर्यंत राहू नका. जानेवारीत अद्ययावत ज्येष्ठता यादीवर सर्वांच्या सह्या झाल्या आहेत का ते पाहा. तुमच्यापेक्षा ज्येष्ठ कोणी असेल आणि त्यांना पद नको असेल तर त्यांचं नकारपत्र लेखी हवं, आणि ते स्वखुशीने दिलं आहे याची शिक्षणाधिकारी कार्यालय खात्री करतं. मार्चमध्ये संस्थेचा ठराव, एप्रिलमध्ये प्रस्ताव. मान्यता यायला वेळ लागतो, म्हणून सोबतच सहीच्या अधिकाराचं पत्र मागा आणि नमुना सही बँकेत व वेतन पथकात पोहोचवा. हे राहिलं तर जूनचं बिल सहीअभावी अडतं, सगळ्या स्टाफचा पगार लांबतो, आणि नव्या मुख्याध्यापिकेची पहिली ओळख तीच होऊन बसते.

पदभार घेताना एका पानावर सही करून मोकळ्या होऊ नका. मेच्या शेवटच्या आठवड्याचे चार दिवस त्यासाठी द्या. यादीत हे असू द्या: कॅशबुकातली शिल्लक आणि बँक पासबुक त्याच तारखेचं, न वापरलेली चेकबुकं आणि दाखल्यांची पुस्तकं, क्रमांकांसह, जनरल रजिस्टरांची आणि सेवापुस्तकांची संख्या, जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे) प्रत्यक्ष मोजणी, विशेषतः संगणक आणि प्रयोगशाळेतलं साहित्य, सर्व पोर्टलांचे पासवर्ड, आणि ते कोणाच्या मोबाइल नंबरवर नोंदलेले आहेत, न्यायालयातली प्रकरणं, अखर्चित अनुदान, माहिती अधिकाराचे प्रलंबित अर्ज. अनेक अनुदानित शाळांत जन माहिती अधिकारी मुख्याध्यापकच असतात. उत्तर ३० दिवसांत द्यायचं, उशिराला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, तोही खिशातून. मोजताना वस्तू कमी भरली तर तसं यादीत लिहा. सरांचा अपमान होईल म्हणून गप्प बसलात तर ती वस्तू तुमच्या नावावर राहील.

अभ्यासक्रम करायचा असेल तर नवी दिल्लीच्या नीपा संस्थेच्या राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचा शालेय नेतृत्व व व्यवस्थापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविकाही आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांकडून वर्षाला ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. यांपैकी एक करा, पण वर लिहिलेलं चालू असताना करा. नुसता अभ्यासक्रम केलात तर प्रमाणपत्र फाइलला लागेल आणि पगार बिल परकंच राहील. जिल्हा मुख्याध्यापक संघाच्या बैठकीला सरांबरोबर जायला लागा. तिथे तुमच्याच तालुक्यातल्या, चार-पाच वर्षं अनुभव असलेल्या एखाद्या मुख्याध्यापिकेशी ओळख करून घ्या. रात्री आठ वाजता "या पत्राला उत्तर काय द्यायचं?" असं विचारायला हक्काचं माणूस हवं.

पहिल्या वर्षी गणवेश, शाळेची वेळ, घोषवाक्य, फलकांचे रंग यांपैकी काही बदलू नका. पाचवीचं वाचन आणि आठवड्याचे चार वर्ग, एवढंच धरून ठेवा.

आणि डबा. बसा, जरूर बसा, त्याच जागेवर. फक्त रजा, मस्टर, बदली तास आणि कोणाचाही तास कसा झाला, हे विषय डब्यापाशी काढायचे नाहीत. दुसऱ्या कोणी काढले तर "पाचव्या तासानंतर ऑफिसमध्ये या, निवांत बोलू" म्हणायचं आणि भाजी पुढे करायची. आठवड्यातले दोन दिवस मात्र मुलांच्या पंगतीत बसा. खिचडी पातळ झाली की चव नोंदवहीच्या आधी ते तुम्हाला तिथे कळेल, आणि पाचवीची मुलं वर्गात कधीच सांगणार नाहीत असं बरंच काही जेवताना सांगतात.